लांबचा सूर्य, जवळचा चंद्र

"मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे," असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला सांगितलं तेव्हा आमच्या खोलीत मोठा हशा पिकला. कारण मी 'कॉन्व्हेंट'! हॉस्टेलवर कुणाला खऱ्या नावाने हाक मारायची पद्धत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. माझी रूममेट लातूरकडची, म्हणून ती 'लातूर' आणि मी 'कॉन्व्हेंट'. केजीपासून इंग्रजी माध्यम, मराठी म्हणजे फक्त एक पेपर, तोही गाईड वाचून काढलेला. तेव्हा मंडळी, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायला हवा होता. का, ते पुढे कळेल. विषय आहे गुरुत्वाकर्षण, आणि माझ्याकडून झालेली एक चूक.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. आजोबा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. पूल झाला नव्हता तेव्हा खाडी ओलांडायला होडी होती, तिला आमच्याकडे 'तर' म्हणतात. त्या तरीवर आजोबांनी तीस वर्षं काढली. शाळा चौथीपर्यंत. पण पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे त्यांना घड्याळाशिवाय कळतं. "तिथीची पाऊणपट कर," म्हणतात. म्हणजे चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमी असेल तर सहाला. हिशेब ठोकळ आहे, पण त्यावर पिढ्यानपिढ्या होड्या चालल्या. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. बघा, किती जवळचा हिशेब!

गेल्या दिवाळीत मी गावी गेले होते. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या, आणि अमावस्या म्हणजे उधाण. दुपारी आजोबांबरोबर धक्क्यावर बसले होते. पाणी अगदी वरच्या पायरीला लागलं होतं. आजोबा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले,

"काय गो बाय, तू शिकलीस, म्हणून विचारतो. हे पाणी चंद्र ओढतो म्हणतात. मग सूर्य केवढा मोठा! त्याने तर याच्या दसपट ओढायला पाहिजे. भरती सूर्याची का नाही? चंद्राचीच का?"

मी एक सेकंदही थांबले नाही. "आजोबा, सोपं आहे. सूर्य खूप लांब आहे ना! अंतर वाढलं की ओढ कमी होते. म्हणून सूर्याची ओढ चंद्रापेक्षा कमी." आणि वर "खाली आर स्क्वेअर असतो" असंही ऐकवलं. त्यांना आर स्क्वेअर कळला नाही, पण त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी नाक्यावरच्या दुकानात मीठ आणायला गेले तर आजोबा बाकावर बसून चार जणांना सांगत होते, "आमची नात इंजिनिअर होते आहे. ती म्हणाली, सूर्याची ओढ चंद्राएवढी नाही. लांब आहे तो." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. खोटं कशाला सांगू, मलाही छान वाटलं.

सुट्टी संपली. सबमिशन, ओरल, जर्नलवर सह्या... सगळं नेहमीचं. जानेवारीत एनएसएसचं शिबिर होतं आणि आमच्या गटाला जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवायची होती. मी म्हटलं, हा तर माझा हातखंडा विषय! रात्री जेवण झाल्यावर तयारीला बसलो. लातूरने वहीवर लिहायला सुरुवात केली आणि मोठ्याने म्हणाली, "कोणत्याही दोन वस्तूंमधलं गुरुत्वीय बल हे त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराशी समानुपाती आणि त्यांच्यातल्या अंतराच्या वर्गाशी व्यस्तानुपाती असतं."

मी विचारलं, "व्यस्त म्हणजे बिझी ना?"

ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतल्या मुली बघायला आल्या. मग तिला माझी दया आली असावी. पहिल्या सेमिस्टरला मेकॅनिक्सचं लेक्चर झालं की ती खोलीत येऊन रडायची, कारण सर काय म्हणतात तेच कळायचं नाही. तेव्हा मी तिला एकेक शब्द सांगायचे. आता पारडं उलटं झालं होतं. ती म्हणाली, "व्यस्त म्हणजे उलट. एक वाढलं की दुसरं कमी. तू आयुष्यभर 'जी एम वन एम टू अपॉन आर स्क्वेअर' म्हणत आलीस. कधी आकडे घालून बघितलेस का?"

नव्हते बघितले! नववीत पाठ केलं, सीईटीला त्यावर दोन प्रश्न सोडवले, पण खऱ्या सूर्याचे आणि खऱ्या चंद्राचे आकडे मी त्यात कधी घातलेच नव्हते.

मग घातले. तुम्हीही घाला, कॅल्क्युलेटर तर सगळ्यांकडे आहे.

वस्तुमानाचं बघू. सूर्याचं वस्तुमान म्हणजे २ वर ३० शून्यं एवढे किलो. त्यात सुमारे २ कोटी ७० लाख चंद्र मावतील. आता अंतर. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, सूर्य जवळपास १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या ३८९ पट लांब. अंतराचा वर्ग करायचा म्हणून ३८९ गुणिले ३८९, म्हणजे सुमारे १ लाख ५१ हजार. आता २ कोटी ७० लाखांना १ लाख ५१ हजारांनी भागा.

उत्तर १७८ च्या आसपास येतं.

म्हणजे सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या ओढीच्या १७८ पट! कमी नाही, १७८ पट जास्त! मला वाटलं घात टाकताना काहीतरी चुकलं. तीन वेळा केलं. लातूरने हाताने भागाकार करून बघितला. १७८ म्हणजे १७८.

अंतर खरंच ओढ कमी करतं, त्यात माझं काही चुकलं नव्हतं. पण सूर्याचं वस्तुमान इतकं अफाट आहे की ३८९ पट लांब जाऊनही तोच जिंकतो. आपण पृथ्वीसकट सूर्याभोवती फिरतो, चंद्राभोवती नाही, एवढ्या साध्या गोष्टीवरून मला हे कळायला हवं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भरतीचं कोडं तर होतंच, पण डोळ्यांसमोर येत होता तो नाक्यावरचा बाक. आजोबांनी तीस वर्षं पाणी बघितलं आणि त्यांना बरोबर शंका आली होती. मी मात्र पुस्तक न उघडता त्यांना चुकीचं सांगितलं आणि त्यांनी ते माझ्या नावावर गावभर वाटलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता. माझ्याशी घातला नाही.

असो. दुसऱ्या दिवशी फिजिक्स लॅबमधल्या सरांना गाठलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, एकच वाक्य म्हणाले, "ओढ किती ते बघू नका. एका टोकाला किती आणि दुसऱ्या टोकाला किती, तो फरक बघा."

दोन दिवस आम्ही दोघी त्या वाक्याभोवती घुटमळत होतो. मेसच्या रांगेत उभ्या असताना एकदम ट्यूब पेटली. सगळी रांग एकाच वेगाने पुढे सरकली तर कुणाला धक्का लागत नाही. पुढची मुलगी भराभर गेली आणि मागची रेंगाळली, तर मध्ये फट पडते. रांग लांबते. पृथ्वीचंही तेच. पृथ्वीचा चंद्राकडचा भाग चंद्राला जवळ, म्हणून तिथे ओढ थोडी जास्त. पलीकडचा भाग लांब, तिथे थोडी कमी. या फरकामुळे समुद्राचं पाणी दोन्ही बाजूंना फुगतं: एक फुगवटा चंद्राच्या बाजूला, दुसरा बरोबर विरुद्ध बाजूला. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा रोज या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून दिवसातून साधारण दोनदा भरती. प्रत्यक्षात किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली यांमुळे वेळ आणि उंची जागोजागी बदलते, पण मूळ कारण हेच.

आता फरकाचे आकडे बघा. चंद्र जवळ आहे. त्याच्या अंतराच्या मानाने पृथ्वीची जाडी अगदीच नगण्य नाही, त्यामुळे त्याची ओढ अलीकडच्या टोकाला आणि पलीकडच्या टोकाला जवळपास ७ टक्क्यांनी वेगळी पडते. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. त्याला आपली पृथ्वी म्हणजे एक ठिपका. त्याच्या ओढीत दोन टोकांमध्ये फरक पडतो फक्त ०.०१७ टक्के! ओढ १७८ पट, पण जवळजवळ सगळीकडे सारखी. ती सगळी पृथ्वीला एकसंध ओढून फिरवण्यात जाते, पाणी फुगवायला फार थोडी उरते.

गणितात सांगायचं तर ओढीच्या हिशेबात अंतर दोनदा भागाकारात येतं, आणि ओढीतल्या फरकाच्या हिशेबात तीनदा. ३८९ चा घन केला की होतात सुमारे ५ कोटी ८९ लाख. २ कोटी ७० लाखांना त्याने भागलं की ०.४६. म्हणजे सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही थोडी कमी. बघा गंमत! अंतराने एकदा जास्त भागलं आणि १७८ पटीचा सूर्य अर्ध्यावर आला.

आणि सूर्य काहीच करत नाही असंही नाही, तेही माझ्या उत्तरात चुकलंच होतं. अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात, तेव्हा १ अधिक ०.४६. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात येतात, तेव्हा १ वजा ०.४६. ती भांगाची भरती. आणि सगळी उधाणं सारखी का नसतात? कारण चंद्राचं अंतरही बदलतं. तो जवळ आला की सुमारे ३ लाख ५६ हजार किलोमीटरवर येतो, लांब गेला की ४ लाख ६ हजारांवर. फरक चौदा टक्के, पण घन केला की चंद्राची भरती आणणारी ताकद जवळपास दीडपट होते.

मी खूष होते, पण लातूरने नवीनच घोळ घातला. तिने सहज म्हणून सूर्याची चंद्रावरची ओढ काढली. सूर्य म्हणजे ३ लाख ३३ हजार पृथ्व्या. भागिले तेच १ लाख ५१ हजार. उत्तर २.२. म्हणजे चंद्राला पृथ्वी जेवढं ओढते त्याच्या दुपटीहून जास्त सूर्य ओढतो! लातूर म्हणाली, "अगं, मग हा चंद्र अजून इथे काय करतोय? जायचा की सूर्याकडे!"

पण या वेळी आम्ही उत्तराला घाई केली नाही. पुन्हा तोच 'फरक' काढला. सूर्य एकट्या चंद्राला ओढत नाही, पृथ्वीलाही ओढतो, आणि जवळजवळ तेवढ्याच जोराने, कारण दोघांचं सूर्यापासूनचं अंतर जवळजवळ सारखं. दोघेही बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहतात. चंद्राला पृथ्वीपासून तोडायला सूर्याकडे उरतो फक्त दोघांवरच्या ओढीतला फरक, आणि तो पृथ्वीच्या चंद्रावरच्या ओढीच्या जेमतेम नव्वदावा भाग भरतो. म्हणून चंद्र आपल्याकडेच आहे. चंद्र जर कितीतरी लांब, म्हणजे साधारण १५ लाख किलोमीटरवर असता, तर मात्र पृथ्वीच्या हातून सुटला असता. तेवढ्याच अंतरावर, सूर्याच्या बाजूला, ६ जानेवारी २०२४ ला आपलं आदित्य-एल १ यान जाऊन पोचलं. ते चंद्रासारखं पृथ्वीभोवती फिरत नाही. सूर्य आणि पृथ्वी या दोघांच्या ओढीच्या हिशेबाने, पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याची प्रदक्षिणा करतं.

सगळं समजलं. आता उरलं सगळ्यात अवघड काम. आजोबांना फोन!

सूत्र वापरायचं नाही, इंग्रजी शब्द वापरायचा नाही. मी लातूरकडून शब्द घेऊन कागदावर लिहून ठेवले. काकूने मोबाईल स्पीकरवर टाकून आजोबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मला ओरडून बोलावं लागत होतं. व्हरांड्यात अर्धं हॉस्टेल ऐकत होतं.

"आजोबा, दिवाळीत मी तुम्हाला सांगितलं ना, सूर्याची ओढ कमी म्हणून? ते चूक होतं. सूर्याचीच ओढ जास्त. खूप जास्त."

पलीकडे शांतता. मग आवाज आला, "म्हणजे मी दुकानात सगळ्यांना खोटं सांगितलं?"

काय बोलावं मला कळेना. "हो आजोबा. पण ती माझी चूक. तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं, मी न बघता उत्तर दिलं."

पुन्हा थोडा वेळ काही नाही. मला वाटलं आता रागावणार. ते म्हणाले, "बरं. मग खरं काय ते सांग."

मी सांगायला लागले. ओढ जास्त, पण सगळीकडे सारखी. पाणी फुगायला ओढ नको, ओढीतला फरक हवा. कागदावरचे शब्द संपले, मेसची रांगही सांगून झाली. चंद्र सूर्याकडे का जात नाही, तेही सांगितलं. त्यांना किती ऐकू गेलं देव जाणे. मी थांबले. मग आजोबाच बोलले.

"थांब. म्हणजे हे असं आहे का बघ. पाण्याला ओढ आहे. मोठी होडी आणि तिच्या मागे दोरीने बांधलेलं लहान होडकं, दोन्ही त्याच पाण्यात. पाण्याची ओढ दोरीपेक्षा दांडगी. पण दोघांनाही सारखीच घेऊन चालली आहे, म्हणून दोरीला ताण येत नाही. होडकं होडीबरोबरच राहतं. एक भोवऱ्यात आणि एक शांत पाण्यात गेलं, की मग दोरी तुटते. असंच ना?"

मी लातूरकडे बघितलं. तिने आपली सातवीच्या मुलांसाठीची वही उघडली आणि मेसची रांग खोडून तिथे दोन होड्या काढल्या.

"असंच आजोबा," मी म्हटलं. "अगदी असंच."

शिबिरात आम्ही होड्यांचंच उदाहरण दिलं. मुलांना ते पटकन कळलं. एका मुलाने तर दोरीऐवजी कमरेचा करगोटा ताणून दाखवला!

चार दिवसांनी काकूचा फोन आला. आजोबा मुद्दाम नाक्यावर गेले होते म्हणे. बाकावर बसले आणि त्याच चार जणांना म्हणाले, "मागे सांगितलं ते चूक होतं. नातीने फोन करून दुरुस्त केलं. ऐका आता." आणि होडीची गोष्ट सांगितली. कुणीतरी चेष्टा केली की इंजिनिअर नात चुकते कशी? तर आजोबा म्हणाले, "चुकली, म्हणून तर खरं काय ते शोधलं." मला वाटलं होतं त्यांची मान खाली जाईल. तसं झालं नाही. पण पुन्हा त्यांना तशा प्रसंगात टाकायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे.

आपण सगळे सूत्रांवर जगतो. परीक्षेत सूत्र लिहिलं की अर्धे मार्क मिळतातच. पण ते सूत्र घरी जाऊन आपल्या भाषेत, आपल्या माणसाला सांगता येतं का, हे मला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते चौथी शिकलेल्या माणसाने. 'वस्तुमान' आणि 'व्यस्त' हे दोन शब्द मला लातूरने दिले, आणि होडी आजोबांनी दिली. माझं म्हणाल तर १७८, तेही तिघींनी... म्हणजे मी, लातूर आणि कॅल्क्युलेटरने मिळून काढलेलं!

परवा पुन्हा फोन झाला. आजोबांनी विचारलं, "काय गो बाय, आपलं पाणी चंद्र फुगवतो ते कळलं. मग पृथ्वी तर चंद्राहून मोठी. ती चंद्राचं काय करत असेल? त्याला पाणी नाही. पण तो आपल्याकडे एकच तोंड करून बसतो, दुसरी बाजू कधी दाखवत नाही, त्याचा याच्याशी काही संबंध?"

उत्तर माझ्या अगदी ओठावर होतं. पण मी ते गिळलं.

"आजोबा, मला दोन दिवस द्या. आकडे घालून बघते, मग सांगते."

"घे की. मला कुठे जायचंय," ते म्हणाले.

सध्या खोलीत त्यावर कागद पसरलेले आहेत. कुणाला मराठीतून सांगता येत असेल तर मेसमध्ये भेटा. चहा माझ्याकडून!